बी.एस्सी. करताना पशुवैद्य व्हायचं ठरलं, तर?

प्रश्न : मी बी.एस्सी. प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आता पशुवैद्यकीयला जावंसं वाटतंय. पदवीचा उपयोग होईल का?

उत्तर : प्रवेशासाठी नाही. तिथे बारावीचे भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय अन् नीटचे गुणच बघतात. त्यामुळे अकरावी-बारावीची पुस्तकं आजच पुन्हा काढा. अभ्यासक्रम इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांचा आहे. घरच्यांशी खर्चाचं आधीच बोलून घ्या.

पण नुसत्या पुस्तकावर थांबू नका. सुट्टीत जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात, डॉक्टरांना विचारून, सकाळी जाऊन उभे राहा. गाय खोड्यात कशी घेतात, मालकाला आधी काय विचारतात, ते बघा. डॉक्टर तिच्या डाव्या भकाळीवर मूठ दाबून धरतात, ती पोटाची हालचाल मोजायला. निरोगी गाईत मिनिटाला एखाद-दोन लाटा हाताला लागतात. तुम्हीही हात लावून बघा. शेण, रक्त आणि अडलेली म्हैस पाहूनही दुसऱ्या दिवशी जावंसं वाटलं, तर मी म्हणेन, वय-वर्षांचा हिशोब न करता नीटचा फॉर्म भरा. आणि बी.एस्सी. मात्र प्रवेश हातात पडेपर्यंत सोडू नका.