रुजवात

वर्सोवा,
५ जून

चि. बाळ यास,

तुझे पत्र परवा पोचले. नाशिकच्या पतसंस्थेने मुख्य कचेरी आणि तीन शाखा मिळून १९ संगणकांचा कारभार तुझ्या हवाली केला, आणि त्यांतील माहितीचा बॅकअप रोज रात्री आपोआप निघावा अशी व्यवस्था ओपन सोर्स प्रणालीवर उभारण्यास फर्मावले, हे वाचून फार संतोष झाला. त्याबरोबर थोडी काळजीही वाटली. कारण ज्या कामातली चूक त्या दिवशी दिसत नाही, पुष्कळदा वर्षभर दिसत नाही, आणि दिसते तेव्हा दुरुस्तीची वेळ टळून गेलेली असते, असे हे काम आहे.

अमांडा घ्यावी की बॅक्युला, असे तू विचारतोस. अमांडा मेरीलँड विद्यापीठात जन्मली. कोणत्या यंत्राची पूर्ण नक्कल कोणत्या रात्री काढायची हे ती स्वतः ठरवते, आणि आज रात्रीची टेप बरोबर लावली आहे की नाही हे ‘अमचेक’ने दिवसाउजेडीच तपासून घेता येते. बॅक्युला कर्न सिबाल्ड यांनी २००० साली लिहावयास घेतली आणि २००२ च्या एप्रिलमध्ये सर्वांसाठी खुली केली. तिच्यात वेळापत्रक आपण बांधून द्यायचे असते. दोन्ही उत्तम आहेत. तथापि ज्या संस्थेच्या दप्तराला दरसाल हिशेबतपासनीस हात घालतो, तेथे कोणत्या रात्री काय निघाले हे वारावर बोट ठेवून सांगता यावे, म्हणून मी तुला बॅक्युला सुचवीन.

तिची रचना जुन्या फडासारखी आहे, हे एकदा ध्यानात आले की तिचे काहीही अवघड वाटत नाही. डायरेक्टर हा फडणीस. हुकूम तो काढतो, स्वतः ओझे वाहत नाही. प्रत्येक संगणकावर बसणारा फाइल डीमन हा गुमास्ता, आणि माल उतरवून घेणारा स्टोरेज डीमन हा कोठावळा. कोणत्या दिवशी कोणती फाइल कोणत्या टेपवर गेली याची नोंद ज्या डेटाबेसात राहते, तो कॅटलॉग म्हणजे आपली बारनिशी. फडणीस ९१०१, गुमास्ता ९१०२ आणि कोठावळा ९१०३ या पोर्टांवर ऐकतात, आणि फडणिसाच्या फाइलीत लिहिलेला परवलीचा शब्द समोरच्याच्या फाइलीत अक्षरशः तोच असल्याखेरीज कोणी कोणाला दाद देत नाही. प्रत्येक फाइल बदलल्यावर ‘-टी’ लावून ती तपासून घे आणि मगच सेवा पुन्हा सुरू कर.

नवशिका हमखास फसतो ती जागा येथेच सांगून ठेवतो. कोठावळ्याचा पत्ता फडणिसाच्या फाइलीत लिहावा लागतो, आणि दोघेही एकाच यंत्रावर राहतात म्हणून मनुष्य तेथे सहज ‘लोकलहोस्ट’ असे लिहून मोकळा होतो. परंतु फडणीस हाच पत्ता जसाच्या तसा दूरच्या गुमास्त्याला कळवतो, आणि गुमास्ता माल घेऊन आपल्याच घराच्या ओसरीवर कोठावळ्याला शोधू लागतो. म्हणून तेथे सर्व शाखांना ओळखू येईल असे पूर्ण नावच लिही.

वेळापत्रक बॅक्युलाबरोबर येणाऱ्या नमुन्याप्रमाणेच ठेव : महिन्याच्या पहिल्या रविवारी पूर्ण नक्कल, उरलेल्या रविवारी त्या पूर्ण नकलेनंतर झालेले सर्व बदल, आणि सोमवार ते शनिवार आदल्या रात्रीनंतरचे बदल, वेळ रात्री ११ वाजून ५ मिनिटांची. खातेवहीचा डेटाबेस मात्र चालू असताना त्याच्या फाइली उचलू नकोस; आधी त्याचा डंप काढावयास लाव आणि तो डंप नकलेत घे, कारण लिहिता लिहिता उचललेले पान अर्धवटच हाती येते. आणि ३१ मार्चनंतरची एक पूर्ण नक्कल पुनर्वापराच्या चक्रातून कायमची बाहेर काढून ठेव. हे शेवटचे वाक्य मी इतक्या आग्रहाने का लिहितो, ते आता सांगतो.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेने २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला, त्या दिवशी उपनगरातल्या ज्या कचेरीत मी चाकरीस होतो तिच्या तळमजल्यात कमरेएवढे पाणी चढले आणि सर्व्हर त्यात बुडाला. तरीही मी निश्चिंत होतो. दर शनिवारी एक टेप मी वर्सोव्याला घरी आणून तिसऱ्या मजल्यावरच्या कपाटात ठेवीत असे, आणि रोज सकाळी येणाऱ्या अहवालाच्या तळाशी ‘बॅकअप ओके’ ही अक्षरे मी न चुकता पाहत असे. चौथ्या दिवशी नवे यंत्र मांडून टेप लावली. पत्रव्यवहार परत आला, नोकरांचे दाखले परत आले, हिशेबाची डिरेक्टरीही परत आली; मात्र ती रिकामी होती.

कारण क्षुल्लक होते. आठ महिन्यांपूर्वी जागा अपुरी पडू लागली म्हणून मी दुसरी डिस्क बसवून ती त्याच डिरेक्टरीवर माउंट केली होती, आणि बॅक्युला, तिला मुद्दाम सांगितल्याखेरीज, एका फाइल सिस्टिमची शीव ओलांडून दुसरीत पाऊल टाकीत नाही. तसे ती रोज रात्री अहवालात एका ओळीत लिहीतही होती. त्या ओळीवर माझी नजर आठ महिन्यांत एकदाही थांबली नाही. जुन्या टेपा तोवर पुसून पुन्हा वापरल्या गेल्या होत्या. अखेर वरच्या मजल्यावर वाचलेल्या कागदी व्हाउचरांवरून चार कारकून ११ आठवडे बसून तो हिशेब पुन्हा भरीत राहिले. त्यांपैकी एकानेही मला बोल लावला नाही. पण संध्याकाळी दिवे लागल्यावर खाली मान घालून आकडे भरणारी ती चार माणसे मला आजही दिसतात.

म्हणून फाइलसेटमध्ये, म्हणजे काय काय उचलायचे त्या यादीत, प्रत्येक डिस्कचे नाव स्वतंत्रपणे लिही, आणि अहवाल वरून खाली वाच. परंतु एवढ्यावरही विसंबू नकोस. जुन्या दप्तरात कीर्द आणि खतावणी समोरासमोर धरून रुजवात घातल्यावाचून कारकुनाच्या हिशेबाला हिशेब म्हणत नसत. तुझीही रुजवात दरमहा झाली पाहिजे : एका निराळ्या यंत्रावर एका शाखेचा डेटा रिस्टोअर कर, आणि तो बरोबर आहे की नाही हे तू ठरवू नकोस, ती खाती रोज हाताळणाऱ्या कारकुनाला शेजारी बसवून त्याच्याकडून ठरवून घे. डिरेक्टरी रिकामी आहे हे माझ्या आधी त्यालाच कळले असते. काम सुरू केल्यापासून पहिले खाते उघडेपर्यंत किती वेळ लागला, हेही वहीत टिपून ठेव. अडचणीच्या दिवशी संचालक तुला पहिला प्रश्न तोच विचारतील. आपले काम प्रत घेण्याचे नसून परत देण्याचे आहे.

तुमची मुख्य कचेरी सराफ बाजारात आहे असे लिहितोस. गोदावरीचा पूर दुतोंड्या मारुतीवरून मोजणाऱ्या गावात मी तुला पाण्याविषयी काय सांगावे? तरी एक प्रत उंचावरच्या शाखेत राहू दे. तिच्यासोबत बारनिशीचा रोजचा डंप, कोणती नक्कल कोणत्या टेपवर कोठे आहे हे सांगणारी बूटस्ट्रॅप फाइल, आणि नकला कूटबद्ध करणार असशील तर त्यांची किल्ली, ही मोहरबंद लिफाफ्यात ठेव. किल्ली हरवली तर पूर्ण भांडारही मातीमोल होते. बारनिशी गेली तरी ‘बीस्कॅन’ टेपा वाचून ती पुन्हा उभी करतो, आणि ‘बीएक्स्ट्रॅक्ट’ तर फडणिसावाचूनही फाइली काढून देतो. ओपन सोर्सचा खरा लाभ मला येथे दिसतो : टेप कशी वाचावी हे कोणाच्या तिजोरीतले गुपित नसल्यामुळे तुझ्यामागून येणारा अनोळखी मनुष्यही ती वाचू शकेल.

१ जूनपासून मासेमारी बंद झाली आहे. येथल्या वेसाव्याच्या कोळीवाड्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ताडपत्रीखाली ठेवल्या आहेत, आणि सकाळी फिरावयास गेलो की ओट्यांवर जाळी तुणत बसलेली माणसे दिसतात. काल एक म्हातारे गृहस्थ जाळे मांडीवर घेऊन एकेक घर बोटांनी चाचपीत पुढे सरकवीत होते. धड दिसणारे घरही त्यांनी हात लावल्यावाचून सोडले नाही. त्यांची बोटे चालताना मला अहवालातली ती ओळ आठवली, आणि घरी येऊन हे पत्र लिहावयास बसलो.

पहिली रुजवात झाली की मला कळव. काय सापडले नाही, तेही लिही.

तुझा,
मामा