पुरातील नाव आणि तिचे सेवक : एक अभ्यासपाठ

पावसाळा सुरू झाला की कृष्णाकाठची माणसे आकाशाकडे जितक्या वेळा पाहतात, त्याहून अधिक वेळा पुलाकडे पाहतात. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची उंची मोजली जाते. पाणी ४० फुटांवर पोहोचले की इशारा, ४५ फुटांवर पोहोचले की धोका, हे तेथील लहान मुलांनाही पाठ असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये हे पाणी ५७ फुटांवर गेले. कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. त्याच दिवसांत तेथे पाणी ५५ फुटांच्या वर चढले. अशा वेळी नाव घेऊन पाण्यात उतरणाऱ्या आणि काठावर उभे राहून तिला आधार देणाऱ्या स्वयंसेवकांच्या कार्याचा विचार आपण या पाठात करणार आहोत.

प्रथम नदी समजून घेऊ. कृष्णा महाबळेश्वराजवळ उगम पावते. कराडला तिला कोयना मिळते, सांगलीजवळ हरिपूर येथे वारणा मिळते आणि नृसिंहवाडीला पंचगंगा. या साऱ्या नद्या सह्याद्रीचे पाणी घेऊन येतात. त्यामुळे सांगलीत ऊन पडलेले असतानाही घाटमाथ्यावरच्या पावसाने नदी वाढत राहते. हा पूर सहसा एका क्षणात येत नाही. तो पायरी पायरीने चढतो. म्हणूनच तो फसवा असतो. गेल्या वेळी पाणी उंबऱ्यापर्यंत आले होते, यंदाही तेवढेच येईल, असे मानून माणसे घरात थांबतात. जनावरे सोडून जायला जीव होत नाही. मग रात्री वाट बुडते आणि नावेखेरीज उपाय उरत नाही.

या भागात पाणी ओलांडण्याची विद्या जुनी आहे. सुकवलेल्या भोपळ्यांची सांगड बांधून नदी पार करणारे लोक होते. गूळ शिजवण्याची काहील पाण्यात सोडून तिच्यातून माणसे नेल्याच्या आठवणी आजही गावोगावी ऐकायला मिळतात. पुरात प्रथम धावून येतो तो शेजारी, आणि नंतर येते ते पथक. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल उभे राहिले. त्याची एक तुकडी पुण्याजवळ असते. २०१९ मध्ये या दलाबरोबर लष्कर आणि नौदलाची पथकेही आली आणि त्यांनी मोठे काम केले. परंतु त्याच पुरात पुणे-बंगळूर महामार्गही पाण्याखाली जाऊन अनेक दिवस बंद राहिला होता. बाहेरची मदत पोहोचेपर्यंतचे तास गावालाच काढावे लागतात. स्थानिक स्वयंसेवकाचे महत्त्व या तासांत आहे.

आता या पाठातील सर्वांत कठीण भाग. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना घेऊन निघालेली नाव उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. त्यांत स्त्रिया होत्या, मुले होती. नावेत तिच्या क्षमतेहून अधिक माणसे बसली होती. ती नाव कोणाला बुडवण्यासाठी निघाली नव्हती, वाचवण्यासाठीच निघाली होती. पाणी चढत असता, पुढची फेरी होईल की नाही याची खात्री नसता, काठावर उभ्या असलेल्या आईला मागे राहा असे कोणी सांगावे? दोष कोणाचा हे ठरवण्यासाठी आपण ही घटना आठवत नाही. करुणेला शिस्तीची जोड नसेल तर काय घडते, हे त्या गावाने फार मोठी किंमत देऊन आपल्याला दाखवले आहे, म्हणून ती आठवतो.

यामागचे शास्त्र साधे आहे. भार वाढला की नावेचा काठ पाण्याच्या अधिक जवळ येतो. माणसे उभी राहिली की भाराचे केंद्र वर सरकते. मग एका बाजूला चार जण झुकले तरी पाणी आत येते. त्यातच प्रवाहाचा जोर असतो. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. म्हणून गुडघ्याएवढ्या वाहत्या पाण्यातही धडधाकट माणसाचे पाय सुटतात. पुराच्या पाण्याखाली कुंपणाच्या तारा असतात, उसाचे फड असतात, विजेच्या वाहिन्या असतात. इंजिनाच्या पंख्यात दोर किंवा पाला अडकला की नाव प्रवाहाच्या स्वाधीन होते. कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे पुरात वरून दिसत नाहीत, पण अशा बंधाऱ्याखाली पाणी उलटे फिरते आणि तेथे सापडलेली वस्तू पुन्हा पुन्हा आत ओढली जाते. उत्तम पोहणाराही तेथे हतबल होतो.

म्हणून प्रशिक्षित स्वयंसेवकाला पहिला धडा पोहण्याचा दिला जात नाही. क्रम असा शिकवला जातो : आधी काठावरून काठी किंवा हात पुढे करा, तेवढ्याने भागले नाही तर दोर फेका, तेही अशक्य असेल तर नाव न्या, स्वतः पाण्यात उडी हा शेवटचा मार्ग. नाव चालवणारा शक्यतो प्रवाहाच्या विरुद्ध दिशेला तोंड करून, म्हणजे नाकाड वरच्या अंगाला ठेवून, माणसाजवळ जातो; त्यामुळे नाव त्याच्या ताब्यात राहते. जीवरक्षक जाकीट अंगात आणि बंद बांधलेले असल्याशिवाय कोणीही नावेत बसत नाही. हा नियम स्वयंसेवकालाही लागू असतो. नावेत बसणाऱ्यांची संख्या नाव काठाला लागण्यापूर्वी ठरते. ती ठरवणारा एकच असतो आणि त्याचा शब्द अखेरचा असतो. ‘पुढच्या फेरीत नेतो’ हे वाक्य उच्चारणे आणि ते खरे करून दाखवणे, हे या सेवेतील सर्वांत अवघड काम आहे.

नावेत दोघे-तिघे दिसतात, पण त्यांच्यामागे काठावर अनेक हात असतात. कोणी इंधन पुरवतो. कोणी किती माणसे गेली आणि किती उतरली याची वही ठेवतो. कोणी गरोदर स्त्रिया, अंथरुणाला खिळलेले वृद्ध आणि रोजचे औषध लागणारे रुग्ण कोणत्या घरात आहेत याची यादी पूर येण्यापूर्वीच करून ठेवतो. कोणी चहा आणि कोरडे कपडे घेऊन थांबतो. पूर ओसरल्यावर छायाचित्रे काढणारे निघून जातात. तेव्हा चिखल भरलेले इंजिन धुणारा, रबरी नाव सुकवून तिची छिद्रे तपासणारा आणि दोर गुंडाळून जागेवर ठेवणारा स्वयंसेवक मागे राहतो. पुढच्या वर्षीचे प्राण त्याच्या या निमूट कामावर अवलंबून असतात.

दुःखद घटनेतून कायमची व्यवस्था उभी राहू शकते, याचे उदाहरण लंडनमध्ये आहे. ब्रिटनमध्ये १८२४ पासून जीवरक्षक नौकांची एक संस्था मुख्यतः देणग्या आणि स्वयंसेवकांच्या बळावर चालते. तिचे काम प्रामुख्याने समुद्रावर असे. २० ऑगस्ट १९८९ च्या पहाटे थेम्स नदीत ‘मार्शनेस’ ही प्रवासी नौका दुसऱ्या जहाजाच्या धडकेने बुडाली आणि ५१ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतरच्या चौकशांमधून नदीवरही कायमस्वरूपी बचावसेवा हवी हे पुढे आले. जानेवारी २००२ मध्ये थेम्सवर या संस्थेची चार केंद्रे सुरू झाली. त्यांपैकी टेडिंग्टनच्या केंद्रावर स्वयंसेवकच नौका चालवतात. घटना आणि व्यवस्था यांच्यामध्ये बारा वर्षे गेली, हेही आपण ध्यानात ठेवावे.

आपल्याकडेही पाऊल पडले आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘आपदा मित्र’ योजनेत २५ राज्यांतील ३० पूरप्रवण जिल्ह्यांत ६,००० स्वयंसेवक तयार करण्याचे ठरले आणि पुढे योजनेचा विस्तार झाला. मात्र प्रशिक्षण घेतलेला हात सरावाविना विसरतो. पावसाळ्यापूर्वी नाव एकदा तरी पाण्यात उतरली पाहिजे.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हांपैकी अनेक जण नदीकाठच्या गावांतून आलेले आहात. सुटीत घरी जाल तेव्हा या पाठाचा स्वाध्याय गावातच करा. गावात नाव आहे काय? तिच्यात किती माणसे बसू शकतात, हे तिच्यावर लिहिलेले आहे काय? जाकिटे किती आहेत आणि ती कोणाच्या कुलपात आहेत? किल्ली रात्री कोणाकडे असते? मागच्या पुराची खूण कोणत्या भिंतीवर आहे? स्वतःहून चालू न शकणारी माणसे कोणत्या घरांत राहतात? ही उत्तरे एका वहीत लिहून गावातील जबाबदार माणसाच्या हाती द्या.

पोहता न येणाऱ्यालाही ही सेवा करता येते. वही लिहिणारा, दोर धरणारा आणि वेळीच ‘आता पुरे’ म्हणणारा, हे तिघेही त्या नावेचेच सेवक आहेत. नाव भरली की काठावर राहिलेल्यांजवळ जाऊन उभे राहणे आणि ती परत येईपर्यंत त्यांचा धीर सुटू न देणे, एवढे तर आपल्यापैकी प्रत्येकाला शिकता येईल.