विहिरीचे पाणी आणि मापनावरील विश्वास

झाशीचा किल्ला ज्या टेकडीवर उभा आहे, ती ग्रॅनाइट खडकाची आहे. हा बुंदेलखंडी कातळ जिल्ह्यात दूरवर पसरलेला असून विहिरींना पाणी मिळते ते त्याच्या झिजलेल्या थरांतून व भेगांतून. खडकातील काही खनिजांतून फ्ल्युओराइड पाण्यात उतरते, व काही ठिकाणी त्याचे प्रमाण वाजवीपेक्षा अधिक होते. असे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेल्यास मुलांच्या दातांवर डाग पडतात, पुढे हाडेही ताठरतात. २०१२ च्या भारतीय मानकाने लिटरमागे १ मिलिग्रॅम ही मर्यादा घातली असून, दुसरा पाणवठा नसल्यास १.५ पर्यंत सूट दिली आहे.

समजा, अशा एका विहिरीच्या पाण्याचे चार वेळा मापन केले आणि १.४६, १.५२, १.४८ व १.५० असे आकडे आले. सरासरी १.४९. मग विहीर खुली ठेवावी काय?

आकड्यांतील फरक हा हलगर्जीपणाचा पुरावा नव्हे. चारही आकडे तंतोतंत सारखे आले असते तर उलट शंका घ्यावी लागली असती! त्यांचे प्रमाण विचलन ०.०२६ येते. त्यास चाराच्या वर्गमूळाने भागले की ०.०१३ उरतात. मोजक्या मापनांच्या सरासरीवर कितपत विसंबावे, हे डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मितीगृहातील विल्यम गॉसेट याने १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावाने दाखवून दिले. आजच्या कोष्टकात चार मापनांसाठी ९५ टक्के विश्वासाचा गुणक ३.१८ आहे, गुणाकार सुमारे ०.०४. म्हणजे पट्टा १.४५ ते १.५३ असा झाला. ही रीत शंभरदा वापरली, तर सुमारे पंचाण्णव वेळा असा पट्टा खऱ्या किमतीस कवेत घेतो. आपल्या पट्ट्यातून मर्यादेची रेषा आरपार जाते; तेव्हा ‘सुरक्षित’ हा शेरा या आकड्यांवरून देता येत नाही.

याहून फसवा दोष निराळाच आहे. पाण्यात ॲल्युमिनियम असेल, तर ते फ्ल्युओराइडला धरून ठेवते व विद्युदग्र दर वेळी कमीच आकडा दाखवितो. तो मोकळा व्हावा म्हणून विशिष्ट द्रावण मिसळतात. ते अपुरे पडले, तर शंभर मापनेही एकमेकांशी जुळतील आणि शंभरही चुकतील. गॉसेटचे गणित येथे मुके आहे. म्हणून त्याच पाण्यात लिटरमागे नेमके १ मिलिग्रॅम फ्ल्युओराइड घालून पुन्हा मोजावे. वाढ ०.९० एवढीच दिसली, तर दहावा हिस्सा कोठे तरी लपला आहे. मूळ पाण्यातही तोच हिस्सा लपत असेल, तर १.४९ ला ०.९० ने भागावे लागेल, आणि तीच विहीर १.६६ वर जाऊन बसेल.