आकारमानदर्शक इंग्रजी शब्दप्रयोग : अर्थ आणि अचूक वापर

झाशीच्या जुन्या शहरातील 'बडा बाजार' या नावातील 'बडा' हा शब्द विशेषनामाचा भाग आहे. ते मोजमाप नव्हे. इंग्रजी निबंधात त्याचे 'लार्ज मार्केट' असे भाषांतर केल्यास ठिकाणाचे नाव हरवते आणि सिद्ध न केलेले विधान मात्र मागे उरते. आकार व प्रमाण दर्शविणाऱ्या इंग्रजी शब्दप्रयोगांत अशी गल्लत वारंवार होते. शब्द लिहिण्यापूर्वी 'कोणत्या मापाने?' हा प्रश्न विचारल्यास ती टाळता येते.

स्केल : मराठीत 'मोठ्या प्रमाणात' असे म्हटले जात असल्याने परीक्षार्थी 'इन अ लार्ज स्केल' असे लिहितात. शुद्ध रूप 'ऑन अ लार्ज स्केल' हे होय. 'मोठ्या प्रमाणावर' हा पर्याय स्मरणात ठेवल्यास चूक होणार नाही. नामापूर्वी विशेषण म्हणून वापरताना मात्र 'लार्ज-स्केल' असे संयोगचिन्ह द्यावे.

नकाशातील अर्थ : भूगोलात 'लार्ज-स्केल मॅप' म्हणजे मोठा प्रदेश दाखविणारा नकाशा नव्हे. १:१०,००० प्रमाणाच्या नकाशावर १ सेंटिमीटर म्हणजे १०० मीटर. १:१०,००,००० प्रमाणावर तेच अंतर १० किलोमीटर होते. पहिला नकाशा बृहत् प्रमाणाचा, तर दुसरा लघु प्रमाणाचा. बडा बाजारातील गल्ल्या पाहण्यासाठी पहिला, तर संपूर्ण बुंदेलखंडासाठी दुसरा उपयुक्त ठरेल.

कायद्यातील अर्थ : उद्योगांविषयीच्या उत्तरात 'स्मॉल' या शब्दाला निश्चित मर्यादा आहे. १ एप्रिल २०२५ पासून गुंतवणूक २५ कोटी रुपयांपर्यंत आणि वार्षिक उलाढाल १०० कोटी रुपयांपर्यंत असलेला उद्योग 'लघु' गणला जातो. त्यातही गुंतवणूक २.५ कोटी व उलाढाल १० कोटी रुपयांपर्यंत असल्यास तो 'सूक्ष्म', म्हणजे 'मायक्रो' ठरतो. त्यामुळे बाजारातील सामान्य दुकानदाराला कायद्याच्या अर्थाने 'स्मॉल' म्हणणे बहुधा चुकीचे ठरेल. किरकोळ व घाऊक व्यापाराचा या वर्गात पुन्हा समावेश जुलै २०२१ मध्ये झाला. तो प्राधान्य क्षेत्रातील कर्जपुरवठ्यापुरता मर्यादित होता. शब्द चुकल्यास योजनेचा लाभार्थीच बदलतो.

आकाराशी संबंध नसलेले प्रयोग : 'बाय अँड लार्ज' म्हणजे 'सर्वसाधारणपणे'. 'द पब्लिक अ‍ॅट लार्ज' म्हणजे सर्वसामान्य जनता. परंतु 'द थीफ इज अ‍ॅट लार्ज' म्हणजे चोर अद्याप मोकळा आहे. 'टू अ लार्ज एक्स्टेंट' म्हणजे 'बऱ्याच अंशी'. येथे 'लार्ज'चा अर्थ शब्दशः घेऊ नये.

उत्तरपत्रिकेत 'ह्यूज', 'व्हास्ट' यांसारख्या विशेषणांपेक्षा वर्षासह दिलेला आकडा अधिक विश्वसनीय ठरतो. 'झाशी हे फार मोठे शहर आहे' या वाक्यापेक्षा '२०११ च्या जनगणनेनुसार झाशी शहराची लोकसंख्या पाच लाखांहून अधिक होती' हे वाक्य परीक्षकाला नेमकी माहिती देते.