संत जोसेफ वाझ
जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी गोव्यात बाणावली गावी झाला. ते कॅथलिक धर्मगुरू होते. तेव्हा श्रीलंकेच्या किनाऱ्यावर डचांचे राज्य होते. डचांनी कॅथलिक धर्मगुरूंना बंदी केली होती. तिथल्या कॅथलिकांना कोणी वाली नव्हता. म्हणून १६८७ साली वाझ मजुराच्या वेषात तिकडे गेले. कँडीच्या राजाने त्यांना हेर समजून कैदेत टाकले. पुढे सोडले.

१६९७ साली कँडीत देवीची साथ आली. घरची माणसंसुद्धा रोग्याला टाकून पळाली. पण वाझ पळाले नाहीत. त्यांनी रोग्यांना अन्नपाणी दिले, मेलेल्यांना पुरले. कोण कुठल्या धर्माचा, हे त्यांनी बघितलं नाही.

१६ जानेवारी १७११ रोजी ते कँडीतच वारले. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत म्हणून जाहीर केले. आजारी माणसाला एकटे टाकू नये, हे आपण त्यांच्यापासून शिकावे.