मातीच्या वळणावरील यामिकी

संगणकावर मोटारींच्या शर्यतीचे खेळ तुमच्यापैकी अनेक जण खेळतात. त्यांतील काही खेळांत शर्यतीपूर्वी एक पान उघडते. चाकांतील हवेचा दाब, चाकांचे घेर, स्प्रिंगांचा ताठपणा, पंखाचा कोन अशा कितीतरी गोष्टी तेथे बदलता येतात. पुष्कळ मुले हे पान पाहून गोंधळतात आणि दुसऱ्या कोणी ठरवलेले आकडे उतरवून घेतात. मग गाडी भिंतीवर आदळली तर का आदळली हे कळत नाही, आणि छान पळाली तर का पळाली हेही कळत नाही. वास्तविक या पानावरील प्रत्येक आकड्यामागे तुमच्या पाठ्यपुस्तकातील एखादा नियम उभा आहे. तो कसा, हे आपण एका उदाहरणाने पाहू या.

अमेरिकेत मातीच्या लंबवर्तुळाकार मार्गांवर ‘स्प्रिंट कार’ नावाच्या गाड्यांच्या शर्यती होतात. ओहायो राज्यातील एल्डोरा हा असाच एक अर्ध्या मैलाचा मार्ग. तो १९५४ साली अर्ल बाल्टिस यांनी सुरू केला. आयरेसिंग या संगणकीय खेळात २०१७ साली मातीचे मार्ग आले, त्यांत एल्डोराही होता. स्प्रिंट कारचे वजन चालकासह सुमारे ६४० किलो आणि इंजिनाची शक्ती सुमारे ९०० अश्वशक्ती असते. तिला गिअरपेटी नसते, क्लच नसतो. दुसऱ्या गाडीने ढकलून ती सुरू करावी लागते. आणि ती शर्यतभर फक्त डावीकडेच वळते. ही शेवटची गोष्ट नीट लक्षात ठेवा.

वळायला बल कोठून येते?

वर्तुळात फिरणाऱ्या वस्तूला केंद्राकडे खेचणारे अभिकेंद्री बल लागते. सपाट रस्त्यावर ते फक्त टायर आणि माती यांच्यातील घर्षणातून मिळते. म्हणून वळणावरील कमाल वेगाचा वर्ग = घर्षणांक × गुरुत्वत्वरण × त्रिज्या. समजा, ओलसर मातीवर घर्षणांक ०.७ आहे आणि वळणाची त्रिज्या ६० मीटर आहे. मग वेगाचा वर्ग ०.७ × ९.८ × ६० = ४११.६, म्हणजे वेग सेकंदाला सुमारे २०.३ मीटर, अर्थात ताशी ७३ किलोमीटर. यात गाडीचे वजन कोठेच येत नाही, हेही पाहून ठेवा.

पण एल्डोराचे वळण सपाट नाही. ते बाहेरच्या बाजूला सुमारे २४ अंशांनी उचललेले आहे. आपल्याकडे घाटातील वळणावर रस्त्याची बाहेरची कड उंच ठेवतात, त्यातलाच हा प्रकार. घर्षणांक ०.७ म्हणजे घर्षणकोन सुमारे ३५ अंश. गंमत अशी, की उतार आणि घर्षण यांचे कोन सरळ एकमेकांत मिळवता येतात : ३५ + २४ = ५९ अंश. आता घर्षणांकाच्या जागी ५९ अंशांचा स्पर्शक (टॅन) घाला. तो १.६६ आहे. वेगाचा वर्ग सुमारे ९७८ येतो आणि वेग ताशी ११३ किलोमीटर. माती तीच, टायर तेच; पण वेग दीडपट!

उलटा पंख

स्प्रिंट कारच्या डोक्यावर २५ चौरस फुटांचा, म्हणजे सुमारे २.३ चौरस मीटरचा एक पंख असतो. विमानाचा पंख विमान उचलतो; हा गाडीला खाली दाबतो. वजन न वाढवता चाकांवरील दाब वाढतो, हा त्याचा मोठा फायदा. खरोखरचे वजन वाढवले असते, तर घर्षण वाढले असते तसे लागणारे अभिकेंद्री बलही वाढले असते आणि हाती काही आले नसते.

हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सेकंदाला १० मीटर वेगाला तो २०० न्यूटन आहे असे धरू. मग २० मीटर वेगाला ८०० आणि ३० मीटरला १,८०० न्यूटन होईल. हा दाब समीकरणात घातला, तर सपाट वळणावर कमाल वेग ७३ वरून ७८ होतो, पण उतरत्या वळणावर तो ११३ वरून १२७ होतो. म्हणजे एकच पंख एका ठिकाणी ५ किलोमीटर देतो आणि दुसऱ्या ठिकाणी १४. पंखाचा कोन वाढवला की दाब वाढतो, परंतु हवेचा विरोधही वाढतो आणि सरळ पट्ट्यावर गाडी मंदावते. म्हणून लहान, संथ मार्गावर चांगला ठरलेला कोन मोठ्या मार्गावर तसाच उतरवून घेणे चूक आहे.

लहान चाक, मोठे चाक

साध्या मोटारीत वळताना बाहेरचे चाक जास्त आणि आतले चाक कमी फिरावे म्हणून डिफरन्शियल बसवलेले असते. स्प्रिंट कारमध्ये ते नसते. दोन्ही मागची चाके एकाच दांड्याला पक्की असतात. मग उपाय काय? उजव्या चाकाचा घेर डाव्यापेक्षा मोठा ठेवायचा! खेळात याला ‘स्टॅगर’ म्हणतात.

कागदी पेला आडवा करून टेबलावर लोळवा. तो सरळ जात नाही, गोल फिरतो. दोन असमान चाकांचा आस म्हणजे असाच एक पेला आहे. आगगाडीच्या चाकांची धावही याच कारणाने किंचित उतरती केलेली असते. आता गणित करू. चाकांमधील अंतर १.५ मीटर, उजवा घेर १०५ इंच आणि डावा ९५ इंच समजू. वर्तुळाची त्रिज्या = अंतर × सरासरी घेर ÷ घेरांतील फरक = १.५ × १०० ÷ १० = १५ मीटर. परंतु आपले वळण तर ६० मीटरचे आहे! त्याला अडीच इंचांचा फरक पुरायला हवा. मग मातीवर याहून कितीतरी जास्त फरक का ठेवतात?

याचे कारण असे, की आपले गणित न घसरता लोळणाऱ्या चाकांचे आहे. मातीवर मागची चाके सतत घसरत असतात. उजव्या चाकाचा पृष्ठभाग डाव्यापेक्षा वेगाने मातीला मागे लोटतो, त्यामुळे गाडीची उजवी बाजू जास्त ढकलली जाते आणि नाक डावीकडे वळते. फरक फार ठेवला, तर सरळ पट्ट्यावरही गाडी डावीकडे ओढते आणि मागचा भाग बाहेर निसटतो.

लंगडे स्टूल

चार पायांच्या स्टुलाच्या एका पायाखाली पाचर सारा. तो पाय आणि त्याच्या कर्णावरचा समोरचा पाय यांवरील भार वाढतो, उरलेल्या दोघांवरील कमी होतो. एकूण वजन मात्र तेवढेच राहते. गाडीतही एका कोपऱ्याची स्प्रिंग जरा ताणून हेच करतात. मागच्या डाव्या चाकावर असा भार वाढवला, की ते चाक मातीला घट्ट धरून डावी बाजू पुढे ढकलते. त्यामुळे नाक उजवीकडे, म्हणजे वळणाबाहेर जाऊ पाहते. मागचा भाग फार निसटत असेल, तर हा उपाय उपयोगी पडतो.

येथे एक शंका यावी. घर्षण जर दाबाच्या अगदी प्रमाणात असेल, तर भार या चाकावरून त्या चाकावर नेऊन एकूण पकड बदलणारच नाही. शंका बरोबर आहे. पण रबराच्या टायरला तो नियम तंतोतंत लागू पडत नाही. भार वाढतो तसा त्याचा घर्षणांक थोडा उतरतो. समजा, २०० किलो भाराला तो ०.८, ३०० ला ०.७५ आणि ४०० ला ०.७ आहे. दोन चाकांवर ३००-३०० किलो असतील, तर पकड ४५० किलोभार. २०० आणि ४०० असतील, तर १६० + २८० = ४४०. भाराची वाटणी बिघडली आणि १० किलोभार पकड गेली. स्प्रिंगा आणि दाबनळ्या यांच्या सर्व जुळवाजुळवीचे मर्म या लहानशा फरकात आहे.

एका वेळी एकच बदल

आता सर्वांत महत्त्वाचे. पाच आकडे एकदम बदलले आणि फेरी अर्ध्या सेकंदाने कमी झाली, तर तुम्ही काय शिकलात? काहीच नाही. एकच आकडा बदला. दहा फेऱ्या मारा, आपटलेल्या फेऱ्या वगळा आणि सरासरी वहीत मांडा. मग पुन्हा जुना आकडा ठेवून दहा फेऱ्या मारा. हे पुन्हा मागे जाणे फार आवश्यक आहे. कारण मातीचा मार्ग स्थिर नसतो. गाड्या फिरतात तशी ओल उडते, पकड कमी होते, सुटी माती बाहेरच्या कडेला साचते. खेळातही हे दाखवलेले असते. शिवाय तुमचा हातही सरावाने सुधारतो. जुन्या आकड्यानेही आता वेळ कमी लागत असेल, तर श्रेय तुमच्या बदलाचे नव्हे.

शेवटी एक सावधगिरी. पडद्यावर माती नाही, मातीविषयीची समीकरणे आहेत. संगणक ती सेकंदाला शेकडो वेळा सोडवतो. समीकरणात जे घातले नाही, ते त्याला माहीत नाही. म्हणून खेळात मिळालेले उत्तर हे त्या प्रतिकृतीचे उत्तर असते. ते निसर्गाचेही आहे की नाही, हे प्रत्यक्ष प्रयोगानेच ठरते.

स्वतः करून पाहा

१. पेल्याच्या तोंडाचा व्यास ७ सेंमी, बुडाचा ५ सेंमी आणि तिरकस उंची ९ सेंमी असेल, तर लोळताना तोंडाची कड किती त्रिज्येचे वर्तुळ काढील? (उत्तर : ३१.५ सेंमी.) घरातील पेल्यावर पडताळून पाहा.

२. फळीवर खोडरबर ठेवून फळी हळूहळू उचला. रबर घसरू लागेल तो कोन मोजा. हाच घर्षणकोन. फळी ओली करून पुन्हा मोजा. २४ अंश उताराच्या, ६० मीटर त्रिज्येच्या वळणावर या दोन्ही वेळी कमाल वेग किती आला असता?