आधी आईचं ऐका

फिल्म सोसायटीत माहितीपट दाखवता-पाहता मेक्सिकोच्या ड्रग कार्टेलबद्दल जे उमगत गेलं, ते असं :

१. सुरुवात डॉनच्या मालिकांपासून करू नका. त्यांतल्या हवेल्या आणि बंदुका लक्षात राहतात, मेलेल्यांची नावंही आपल्याला सांगता येत नाहीत. त्याआधी एव्हेरार्दो गोन्सालेसचा ‘ला लिबेर्ताद देल दियाब्लो’ (२०१७) हा माहितीपट पाहा.

२. त्यात मुलं गमावलेल्या आया, सुपारी घेऊन मारणारी पोरं, पोलीस, सैनिक, सगळे एकसारखा कातडीच्या रंगाचा मुखवटा घालून बोलतात. डोळे, नाक, तोंड एवढ्यापुरती भोकं. ओळख पटली तर जिवाशी गाठ, म्हणून ही खबरदारी. पण त्यामुळे कोणी मारलं आणि कोणाचं माणूस मेलं, हे माणूस बोलू लागेपर्यंत कळत नाही. रडू फुटलं की डोळ्यांखालचं कापड भिजतं. चेहरा दिसला असता तर आपण त्या बाईचं वय, तिची परिस्थिती जोखत बसलो असतो. इथे तिचं ऐकण्यावाचून गत्यंतर नसतं.

३. बेपत्ता माणसाचं दुःख वेगळं समजून घ्या. त्याचं ना दहावं होतं, ना तेरावं. डिसेंबर २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष काल्देरॉन यांनी कार्टेलविरुद्ध लष्कर उतरवलं. त्यानंतर माणसं नाहीशी होण्याचं प्रमाण वाढत गेलं आणि मे २०२२ मध्ये बेपत्तांची सरकारी नोंदच एक लाखावर गेली. सिनालोआ राज्यातल्या मिर्ना मेदिना यांचा मुलगा २०१४ मध्ये नाहीसा झाला. त्यांनी इतर आयांना सोबत घेऊन शोध सुरू केला. लोखंडी सळई जमिनीत ठोकायची, उपसायची, टोकाचा वास घ्यायचा. कुजका वास आला की तिथे खणायचं. हे काम आयांवर यावं, याची मला आजही चीड येते. तीन वर्षांनी मेदिनाबाईंना मुलाचे अवशेष सापडले. त्यानंतरही त्या इतरांच्या मुलांसाठी खणत राहिल्या.

४. ‘पोलीस विरुद्ध गुंड’ हे गणित सोडा. २०१४ मध्ये इग्वाला शहरात आयोत्सिनापाच्या अध्यापक विद्यालयाचे ४३ विद्यार्थी गायब झाले. त्यांना उचलणाऱ्यांत स्थानिक पोलीस होते.

५. बंदूक आली कुठून, हेही विचारा. मेक्सिकोत कायदेशीर बंदूक घ्यायची तर लष्कराच्याच दुकानात जावं लागतं, आणि अशी दुकानं देशभरात जेमतेम एक-दोन. टोळ्यांकडची बरीचशी हत्यारं सीमेपलीकडून, अमेरिकेतून चोरट्या मार्गाने येतात. मादक मालाचं मोठं गिऱ्हाईकही तिथेच आहे. म्हणून चर्चेत कोणी ‘हा मेक्सिकोचा घरचा प्रश्न’ म्हणालं, की मी तिथेच थांबवते.